दिवस भरण्यापूर्वी

मराठी घरांत गरोदरपणाचा सारा हिशेब दिवसांच्या भाषेत मांडला जातो. स्त्रीला दिवस जातात, तिला दिवस असतात, पुढे तिचे दिवस भरतात, आणि ते भरण्यापूर्वीच प्रसूती झाली तर मूल अपुऱ्या दिवसांचे म्हटले जाते. मुलाचे वजन, त्याची लांबी, त्याचे नाकडोळे यांना या शब्दप्रयोगांत कोठेही जागा नाही. ही भाषा ज्या बायकांच्या तोंडी घडली त्यांच्याजवळ अर्भक तोलण्याचा तराजू नव्हता, हे तर खरेच. परंतु गर्भात किती काळ गेला यावर नवजात मुलाची प्रकृती सर्वांत अधिक अवलंबून असते, ही गोष्ट त्यांच्या बोलण्यात पक्की मुरलेली होती, आणि पुढे तराजू आल्यावर, ग्रॅमांच्या आकड्यांकडे पाहून आपण ती हळूहळू विसरत गेलो, असे मला वाटते.

या विसरण्याचा सर्वांत मोठा भुर्दंड ज्या मुलांना बसतो त्यांच्याविषयी हे प्रकरण आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास गर्भधारणेची मुदत 280 दिवसांची, म्हणजे 40 आठवड्यांची मानली जाते. 37 आठवडे, म्हणजे 259 दिवस, पुरे होण्यापूर्वी झालेला जन्म अकाली समजला जातो. आणि 34 आठवडे पूर्ण झाल्यानंतर परंतु 37 पूर्ण होण्यापूर्वी, म्हणजे 238व्या ते 258व्या दिवसाच्या दरम्यान, जी मुले जन्मतात त्यांना डॉक्टर 'लेट प्रीटर्म' म्हणतात. आपल्या घरगुती गणतीने आठवा महिना सरत आलेला आणि नववा चालू असलेला, असा हा काळ. अकाली जन्मणाऱ्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुले या एकाच गटात मोडतात. 2020 साली जगात 1 कोटी 34 लाख मुले अकाली जन्मली आणि त्यांतली सुमारे 30 लाख एकट्या भारतातली होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यावरून हा तीन आठवड्यांचा पट्टा केवढा दाट वस्तीचा आहे हे ध्यानात यावे.

पूर्वी या मुलांना इंग्रजीत 'निअर टर्म', म्हणजे 'जवळजवळ पुऱ्या दिवसांची', असे म्हणत. जुलै 2005 मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेने तज्ज्ञांची एक बैठक बोलावली आणि तीत हे नाव टाकून देण्याची शिफारस झाली, ती एका साध्या कारणासाठी: 'जवळजवळ पुरी' असे म्हटले की आई निर्धास्त होते, परिचारिका निर्धास्त होते, डॉक्टरही निर्धास्त होतो, आणि मूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी धाडले जाते. नाव बदलून रोग बरा होत नाही. परंतु चुकीच्या नावाने पहारा सैल पडत असेल तर ते नाव बदलणे हेही वैद्यकाचे कर्तव्यच ठरते. त्याच अमेरिकेतील 2002 सालच्या जन्ममृत्यूच्या दप्तरात पाहिले तर पुऱ्या दिवसांच्या दर हजार मुलांमागे वर्षाच्या आत अडीच मुले दगावलेली दिसतात, आणि या 'जवळजवळ पुऱ्या' दिवसांच्या मुलांत तोच आकडा 7.7, म्हणजे तिपटीहून अधिक.

येथे एका जुन्या समजुतीचा निकाल लावणे अवश्य आहे. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यात जन्मलेले जगत नाही, असे आपल्याकडे अजूनही ऐकू येते. या समजुतीला मोठी वंशावळ आहे: प्राचीन ग्रीक वैद्यांच्या संग्रहात आठव्या महिन्याच्या मुलावर स्वतंत्र ग्रंथ आहे, आणि चरक व सुश्रुत या दोघांनीही आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, ते मातेकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून मातेकडे ये-जा करीत राहते, म्हणून त्या महिन्यातील जन्म धोक्याचा, असे सांगितले आहे. त्या महिन्यातील जन्म निर्धोक नाही, हे त्यांचे निरीक्षण यथार्थ होते. परंतु सातवा महिना आठव्याहून बरा, हा लोकसमज साफ चुकीचा आहे. गर्भात काढलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक मुलाच्या जगण्याची शक्यता वाढत जाते, आणि या चढणीत आठव्या महिन्यापाशी कोणताही खड्डा नाही.

या वयाच्या मुलांतील सर्वांत प्रसिद्ध मूल अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरी जन्मले. 7 ऑगस्ट 1963 रोजी केप कॉडजवळच्या एका हवाईतळावरील रुग्णालयात जॅकलिन केनेडी यांची, अपेक्षित तारखेच्या साडेपाच आठवडे आधी, शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागली. मुलाचे वजन सुमारे 2.1 किलो होते. आपल्याकडच्या कोणत्याही सामान्य प्रसूतिगृहात 'जरा लहान आहे, पण ठीक आहे' असे म्हणून आईच्या कुशीत दिले जावे असे ते वजन. पॅट्रिक असे नाव ठेवलेल्या या मुलाचा श्वास जन्मापासूनच जड चालू लागला. त्याच दिवशी त्याला बॉस्टनच्या बालरुग्णालयात हलविण्यात आले, उच्च दाबाच्या प्राणवायूच्या कोठीतही ठेवण्यात आले, आणि पृथ्वीवरील सर्वांत सामर्थ्यवान राष्ट्राच्या प्रमुखाच्या हाती जे जे साधन असू शकते ते सारे हाताशी असताना, 9 ऑगस्टच्या पहाटे, अवघ्या 39 तासांच्या आयुष्यानंतर ते मूल गेले. आईच्या प्रसूतींचा पूर्वेतिहासही येथे नोंदविण्यासारखा आहे, कारण तो पुढे कारणांच्या चर्चेत कामास येईल: एक गर्भपात, एक मृतजात कन्या, आणि 1960 साली अपेक्षित तारखेपूर्वीच जन्मलेला एक मुलगा.

पॅट्रिकच्या फुप्फुसांत उणीव होती ती एका पदार्थाची. फुप्फुस म्हणजे लक्षावधी सूक्ष्म वायुकोशांचा समूह, आणि प्रत्येक कोशाच्या आत ओलाव्याचा एक पातळ थर. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या म्हणजे सोडविताना जे बळ लागते तेच पृष्ठताणाचे बळ या कोशांच्या भिंतींना प्रत्येक उच्छ्वासानंतर मिटवू पाहते. निरोगी फुप्फुसातील काही पेशी साबणासारखे काम करणारे एक स्निग्ध द्रव्य, ज्याला 'सरफॅक्टंट' म्हणतात, स्रवून हा ताण मोडून काढतात. गर्भात याची निर्मिती साधारण चोविसाव्या आठवड्यापासून सुरू होते, तरी पुरेसा साठा होण्यास बहुधा चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. म्हणजे आपण ज्या मुलांविषयी बोलत आहोत ती अगदी उंबरठ्यावर उभी असतात: एकाचा साठा पुरा झालेला, तर त्याच वयाच्या दुसऱ्याचा नाही, आणि बाहेरून पाहून दोघांत फरक करता येत नाही. या द्रव्याच्या अभावाने नवजात मुले श्वासाविना मरतात, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी 1959 साली दाखवून दिले होते, आणि तेही त्याच बॉस्टन शहरात. पॅट्रिक गेला तेव्हा रोगाचे कारण त्या शहराला चार वर्षांपासून ठाऊक होते, उपाय मात्र कोणाजवळच नव्हता. हे वाचताना मन विषण्ण होते. परंतु त्या मृत्यूने नवजात मुलांच्या श्वसनाकडे साऱ्या जगाचे लक्ष वळले, हेही खरे.

उपाय पुढच्या वीस वर्षांत एकामागून एक आले. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करीत होते ते प्रसूती कशाने सुरू होते हे शोधण्यासाठी; गर्भाला स्टेरॉइड दिल्यावर इतक्या अपुऱ्या दिवसांचे कोकरू जन्मले की त्याने श्वास घेणेच संभवत नव्हते, आणि ते जिवंत राहिले. या अनपेक्षित कोकराचा अर्थ त्यांनी बरोबर ओळखला, आणि रॉस हॉवी यांच्यासह ऑकलंडमध्ये गरोदर स्त्रियांवर तोच उपचार करून 1972 साली त्याचे फलित प्रसिद्ध केले. 1980 साली जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांतून सिद्ध केलेले द्रव्य दहा आजारी अर्भकांच्या श्वासनलिकेत घालून त्यांची प्रकृती सुधारलेली दाखविली. आज पॅट्रिकच्या वयाचे आणि वजनाचे मूल जिल्ह्याच्या ठिकाणीही बहुधा वाचते.

तथापि स्टेरॉइडची सुई म्हणजे काही मोफत वरदान नव्हे. 34 आठवड्यांपूर्वी तिचा लाभ निःसंशय आहे. 34 ते 36 आठवड्यांच्या गरोदर स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मुलांच्या श्वसनाचा त्रास शेकडा 14.4 वरून 11.6 वर उतरला, परंतु त्याच मुलांत रक्तातील साखर उतरण्याचे प्रमाण शेकडा 15 वरून 24 वर चढले. जेथे दर काही तासांनी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासण्याची तजवीज नाही तेथे ही सुई देताना डॉक्टरने दहा वेळा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

श्वासाच्या पलीकडचे धोके कमी नाट्यमय आहेत आणि म्हणूनच अधिक फसवे. पहिला थंडीचा. गर्भ आपल्या मानेभोवती, खांद्यांमागे व मूत्रपिंडांभोवती एक विशेष प्रकारची तपकिरी चरबी साठवितो आणि जन्मल्यावर ती जाळून ऊब निर्माण करतो. यकृतात साखरेचाही साठा करतो. आणि या दोन्ही कोठारांत खरी भर पडते ती शेवटच्या आठवड्यांत. आठवडे कमी पडलेले मूल थंड पडले की ऊब धरण्यासाठी साखर खर्चते, साखर उतरली की सुस्त होते, सुस्त झाले की ओढून पीत नाही, आणि पोटात दूध न गेल्याने आणखी थंड पडते. हे चक्र कोणत्याही आवाजाशिवाय चालते. पाहणारे म्हणतात, किती शहाणे मूल आहे, रडतसुद्धा नाही.

पिण्याची गोष्ट अशीच. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तिन्ही कामे एका तालात करण्याची कला गर्भ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास शिकू लागतो, पण ती पक्की होण्यास अवधी लागतो, कारण तो ताल धरणारा मेंदूच अद्याप घडत असतो: 34व्या आठवड्यात मेंदूचे वजन पुऱ्या दिवसांच्या मेंदूच्या सुमारे 65 टक्केच भरते. म्हणजे मेंदूचा एक तृतीयांश भाग अवघ्या सहा आठवड्यांत वाढावयाचा असतो, आणि या आठवड्यांना आपण 'नुसते वाट पाहण्याचे दिवस' म्हणतो! असे मूल स्तनाला लागते, दोन मिनिटे चोखते, दमते आणि झोपी जाते. आईला वाटते पोट भरले. त्याला उठवून, दर दोन-तीन तासांनी, लागल्यास पिळून काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजावे लागते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली ती अशाच मुलांना आईचे दूध पुरे पडत नसेल तेव्हा दुसऱ्या आईचे तरी मिळावे म्हणून.

काविळीचे मात्र थोडे विस्ताराने सांगावयास हवे. जन्मानंतर जुन्या तांबड्या पेशी मोडतात, त्यांतून पिवळे द्रव्य निघते, आणि ते बाहेर टाकण्याचे काम यकृताचे. पुऱ्या दिवसांच्या मुलातही हे यकृत पहिले काही दिवस मागे पडते. अपुऱ्या दिवसांच्या मुलात ते अधिक मागे पडते, दूध कमी गेल्याने आतड्यांतून तेच द्रव्य पुन्हा रक्तात शोषले जाते, आणि काविळीचा कळस पाचव्या ते सातव्या दिवशी येतो, जेव्हा मूल बहुधा घरी पोहोचलेले असते. हद्दीबाहेर गेलेले हे द्रव्य मेंदूत उतरले तर बहिरेपण आणि हातापायांचा कायमचा आखडलेपणा मागे ठेवते. आपल्या पूर्वजांनी पाचवी पुजावी, सटवाईसाठी रात्र जागवावी, असे ठरविताना त्यांच्या डोळ्यांपुढे काय होते हे आज सांगता येणार नाही. परंतु जागरणाची रात्र त्यांनी नेमकी निवडली, असे या मुलांपुरते तरी म्हणावेसे वाटते. उपचाराचा शोध 1956 साली इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात लागला, तो जीन वॉर्ड या परिचारिकेमुळे. त्या अपुऱ्या दिवसांच्या मुलांना उन्हात अंगणात नेत. एका मुलाच्या अंगावर जेथे चादरीचे टोक पडले होते तेवढाच त्वचेचा तुकडा पिवळा राहिल्याचे त्यांनी डॉक्टरांच्या नजरेस आणले, आणि त्यातून आजची निळ्या दिव्यांची पेटी निघाली. याचा अर्थ घरच्या कोवळ्या उन्हावर भिस्त ठेवावी असा मुळीच नाही. उघड्या उन्हात असे मूल थंड पडते किंवा भाजते, आणि वाढलेली कावीळ त्याने उतरत नाही.

आता हे जन्म मुदतीपूर्वी होतात तरी का? काही वेळा कळा आपोआप सुरू होतात, काही वेळा कळांशिवायच पाणी जाते, आणि उरलेल्या प्रसंगी डॉक्टरच मूल बाहेर काढावयाचे ठरवितात. आपोआप सुरू होणाऱ्या प्रसूतीचे सर्वांत भरवशाचे पूर्वचिन्ह म्हणजे आधीची अकाली प्रसूती; जॅकलिन केनेडी यांचा पूर्वेतिहास येथे आठवावा. जुळी असल्यास गर्भाशय लवकर ताणले जाते. मूत्रमार्गातील, योनिमार्गातील किंवा हिरड्यांतील जंतुसंसर्ग, रक्तक्षय, कोवळ्या वयातील गर्भारपण, दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर, उभ्याने आणि ओझी उचलून करावयाचे काम, हीही कारणे ठरलेली आहेत. ऊसतोडणीच्या हंगामात मोळ्या वाहणाऱ्या बीडकडच्या गरोदर बाईला यांपैकी किती कारणे एकदम लागू पडतात, हे वाचकांनीच मोजावे.

मिश्रीचे नाव मी येथे मुद्दाम वेगळे घेतो, कारण ते आपल्या घरातले आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू दातांना लावण्याची सवय गावोगावच्या बायकांत आहे आणि तिला कोणी व्यसन म्हणत नाही. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी 1217 गरोदर स्त्रियांचा प्रसूतीपर्यंत मागोवा घेतला आणि 2004 साली प्रसिद्ध केले, की मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची मुले सरासरी 105 ग्रॅमने हलकी आणि 6.2 दिवस आधी जन्मली. सहा दिवस ऐकताना थोडे वाटतात. परंतु जे मूल 259व्या दिवशी जन्मावयाचे ते 253व्या दिवशी जन्मले म्हणजे या प्रकरणात येऊन पडले.

डॉक्टरांनी ठरविलेल्या जन्मांविषयी बोलताना न्याय दोन्ही बाजूंनी करावा लागतो. आईचा रक्तदाब चढून झटके येण्याचा संभव असेल, वार खाली आली असेल किंवा सुटू लागली असेल, गर्भाची वाढ खुंटली असेल, तर पोटात राहणे हेच अधिक धोक्याचे होते. अशा वेळी पस्तिसाव्या आठवड्यात मूल बाहेर काढणारा डॉक्टर त्याचा जीव वाचवीत असतो, आणि त्याच्याशी हुज्जत घालू नये. परंतु ज्या जन्मांना असे एकही कारण नाही त्यांचे काय? पंचांग उघडून, मुहूर्त काढून, ग्रह उच्चीचे असतील अशा घटकेला शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह शिकलेल्या घरांतूनही होतो. कळा सुरू झाल्या की गर्भाच्या फुप्फुसांतील पाणी शोषून घेण्याचा हुकूम शरीर देते. कळांवाचून काढलेल्या मुलाला तो हुकूम मिळत नाही, आणि त्याचा श्वास पहिले काही तास धापा टाकतच चालतो. म्हणून कारण नसताना नियोजित शस्त्रक्रिया 39 आठवड्यांपूर्वी करू नये, असा आजचा वैद्यकीय दंडक आहे.

त्यात तारखेचा घोळ मिसळला की अनर्थ होतो. 'नऊ महिने नऊ दिवस' हा हिशेब इंग्रजी महिन्यांनी केला तर 280 दिवसांच्या आसपास येतो; तोच तिथींनी, चांद्रमासाने केला तर सुमारे पाच दिवस कमी भरतात, आणि मध्ये अधिक मास आला तर विचारूच नये. ज्या बाईला शेवटची पाळी 'नागपंचमीच्या आगेमागे' एवढीच आठवते तिचा पस्तिसावा आठवडा कोणी अडतिसावा समजला तर त्याला कोण अडविणार? यावर इलाज सोपा आहे: पाळीची तारीख लिहून ठेवणे आणि पहिल्या तीन महिन्यांत एकदा सोनोग्राफी करून घेणे, त्या काळात गर्भाच्या लांबीवरून वय काही दिवसांच्या फरकाने बिनचूक कळते, आणि पुढे जितका उशीर होईल तितकी ती चूक वाढत जाते.

यांतील बहुसंख्य मुले निरोगी वाढतात, हे आयांनी मनात घट्ट धरावे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 ते 1989 या काळातील दोन किलोहून हलक्या मुलांचा अठरा वर्षांपर्यंत मागोवा घेतला. त्यांची बुद्धी सरासरीने सामान्य मर्यादेत, पण बरोबरच्या मुलांहून थोडी मागे आढळली, आणि जी अपुऱ्या दिवसांचीही होती व दिवसांच्या मानाने हलकीही, ती सर्वांत मागे. म्हणून चालणे, बोलणे, ऐकणे आणि पुढे शाळेतील गणित यांकडे दोन-चार वर्षे डोळसपणे पाहावे, एवढेच.

आणि पहिल्या महिन्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, हे गडचिरोलीने सिद्ध केले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने 39 गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. बाळाला ऊब द्यावी, अंघोळीची घाई करू नये, चीक फेकू नये, मध किंवा गुटी चाटवू नये, श्वास मोजावा, जंतुसंसर्गाची चिन्हे ओळखून औषध द्यावे, एवढेच त्यांचे शिक्षण होते, आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. त्याच धर्तीवर 2011 पासून देशभर आशा कार्यकर्ती घरी येते: रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तुमच्या घरी 37 आठवड्यांआधीचे मूल असेल तर त्याला उघड्या छातीशी धरून ठेवा, दिवसाउजेडी त्याचे तळपाय पिवळे दिसतात का पाहा, दोन पाजण्यांमध्ये तीन तासांहून अधिक वेळ जाऊ देऊ नका. तळपाय पिवळे दिसले, मूल गार लागले किंवा उठवूनही पिईना, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि आशा दारात आली की बाळ झोपले आहे म्हणून तिला परत पाठवू नका.